ग्वाल्हेर ते दतिया: गाडी आधी तापवण्याचा हिशेब

जनकगंजाकडचं एक मराठी घर. वाडा जुना, पुढे अंगण, आणि अंगणात विजेवरची गाडी. घरातली सून दतियाच्या एका महाविद्यालयात शिकवते. एका बाजूचं अंतर साधारण ७५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दीडशे. ग्वाल्हेर–झाशी मार्गावर रेल्वेगाड्या पुष्कळ आहेत, पण डिसेंबर संपत आला की धुक्यामुळे त्यांचं वेळापत्रक नुसतं कागदावर उरतं. म्हणून हिवाळ्यापुरती ती कारनेच जाते. डबऱ्यापर्यंत साधारण निम्मी वाट होते, पुढे सोनागिरीचा फाटा, मग दतिया.

गाडीची बॅटरी ३० युनिटांची, लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची. दिवाळीनंतरच्या दिवसांत, म्हणजे एसी लागत नाही आणि हीटरही नाही तेव्हा, संध्याकाळी घरी परतताना पडद्यावर तीसच्या आसपास टक्के शिल्लक असायचे. जानेवारीत ते दहावर आले. एका संध्याकाळी डबऱ्याला पोचेपर्यंत चोवीस टक्केच उरले होते. तिने घाबरून हीटर बंद केला, काचेला आतून वाफ धरली, आणि उरलेला रस्ता तिने एका हाताने फडकं फिरवत काढला. घरात शिरली तेव्हा पडद्यावर चार टक्के होते. बॅटरी चारवर आली याचं मला फारसं काही वाटलं नाही. फडक्याचं मात्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. माझा धंदा वायरिंगचा. गेल्या काही वर्षांत घरोघरी चार्जिंगचे पॉइंट बसवतो. घरात दोन पक्ष पडलेले होते. नानांचं, म्हणजे सुनेच्या सासऱ्यांचं, म्हणणं, "सकाळी गाडी उभ्या उभ्या तापवतात, तीच सगळी बॅटरी खाते." मुलाचं म्हणणं, "नाना, मावसभाऊ ओस्लोला असतो. तिथे सगळे तापवूनच निघतात. न तापवता निघालं तर उलट जास्त जाते." दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. पण ज्या गाडीबद्दल ते बोलत होते ती ही गाडी नव्हती.

ओस्लोचं आधी बाजूला काढतो. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के विजेवरच्या होत्या. त्यामुळे हिवाळ्यातल्या गाडीबद्दल तिथल्या माणसाचा सल्ला हलका मानायचं कारण नाही. पण तिथे "गाडी तापवणं" यात दोन कामं येतात. एक, आतली हवा आणि काचा. दुसरं, खाली जमिनीलगत बसवलेली बॅटरी. उणे दहा अंशांत बॅटरीतल्या रसायनाची हालचाल मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, ब्रेक मारताना परत मिळणारी वीज गाडी घेत नाही, आणि शून्याखाली जलद चार्जिंग केलं तर ऋण इलेक्ट्रोडवर लिथियम धातूचा थर बसायची भीती असते. म्हणून तिथल्या गाड्या निघण्यापूर्वी बॅटरीलाही ऊब देतात. या घरातल्या गाडीचं बटण फक्त केबिन तापवतं, बॅटरीला हातही लावत नाही. मोबाइलवर अर्धा तास हीटर चालवला तरी बॅटरी रात्रभरात होती तेवढीच गार राहते, शिवाय थोडी रिकामी होते.

आणि खरं सांगायचं तर ग्वाल्हेरला बॅटरी तापवायची तेवढी गरजही नाही. आपल्याकडे कडाक्याच्या रात्री पारा दोन-तीन अंशांवर येतो, पण बॅटरीचं धूड अडीच-तीनशे किलोचं. ते सावकाश गार होतं, आणि भिंतींच्या आडोशाला उभ्या गाडीची बॅटरी पहाटे बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश कोमटच असते. या जातीची बॅटरी थंडीत इतर जातींपेक्षा जास्त कुरकुर करते हे खरं. तरी चार-पाच अंशांत ती गाडी ओढायला नकार देत नाही. तीनशे किलोचं हे धूड दहा अंशांनी वर न्यायचं तर जवळपास पाऊण ते एक युनिट उष्णता लागते. दीडशे किलोमीटरच्या फेरीत तेवढंही परत मिळेल अशी ही थंडी नाही.

मग बॅटरी जात कुठे होती? इथे मी घरच्यांना दोन गोष्टी विचारल्या. प्लग रात्री कोण काढतं, आणि सकाळी हीटर कोण लावतं?

उत्तरं वेगवेगळ्या खोल्यांतून आली. प्लग नाना काढत, रात्री झोपण्यापूर्वी, गीझरचं बटण बंद करावं तसा. सकाळी हीटर मुलगा लावी, अंथरुणातूनच मोबाइलवर, बायकोला थंडी वाजू नये म्हणून. अ‍ॅप काही मिनिटांनी आपोआप बंद होतं, की हा पुन्हा लावायचा. एकमेकांचा उद्योग दोघांनाही माहीत होता, पण दोन्हींचा हिशेब कोणी एकत्र मांडला नव्हता. नाना साडेदहाला प्लग काढत आणि सून परत येते साडेसहाला. चार तासांत पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून बारा-तेरा युनिटं जेमतेम जातात. म्हणून मुलगा रात्री दीड-दोनला उठून प्लग पुन्हा लावत असे, आणि सहाला गाडी शंभराजवळ आली की स्वतःच काढून ठेवी, निघायच्या घाईत राहू नये म्हणून. मग सव्वासहापासून पावणेसातपर्यंत हीटर. तोही बॅटरीवर.

यात नानांना दोष द्यायला मी तयार नाही, कारण मी ते सॉकेट पाहिलं. पडवीतलं साधं पंधरा अँपिअरचं, कडेने तपकिरी पडलेलं. अडीच चौरस मिलीमीटरची जुनी वायर, त्याच वायरीवर न्हाणीघरातला गीझर, आणि अर्थिंग नावापुरतं. चार्जिंग म्हणजे सलग आठ तास चौदा-पंधरा अँपिअर. इस्त्री पाच मिनिटं तापते आणि थांबते, हे थांबत नाही. सैल झालेल्या पकडीत एवढा प्रवाह तासन्‌तास गेला तर प्लास्टिक वितळतं. नाना रात्री प्लगला हात लावून बघत, तो गरम लागे, आणि ते काढून टाकत. "रात्रभर एवढी बिजली खेळवायची आणि आपण झोपायचं? मला नाही झोप येत, बाबा," असं ते म्हणाले. त्या सॉकेटपुरतं बोलायचं तर त्यांचं जागं राहणं बरोबर होतं.

गीझरचा आणखी एक भाग होता. मधूनमधून सकाळी मुलगा प्लग न काढता हीटर लावी, म्हणजे योग्य तेच करी. पण त्याच वेळी कोणीतरी गीझर लावला की वीस अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा खटका, पडे. घरातला दिवा वेगळ्या सर्किटवर, त्यामुळे कळत कोणालाच नसे. गाडीतला हीटर तसाच चालू राही, फक्त आता बॅटरीवर. आंघोळीला पाणी गार लागलं की मग एमसीबी सापडायचा.

आता आकडे. ते ढोबळ आहेत, पण त्यांचं प्रमाण खरं आहे.

केबिनमधली हवा तीन-चार किलोच असते. ती पंधरा अंशांनी तापवायला एका युनिटाचा पन्नासावा हिस्सादेखील पुरतो. पुढची काच बारा-पंधरा किलोची, तिलाही फार लागत नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आपण गाडी आधी तापवतो, श्वासाची हवा आणि दिसायची काच, त्या पहिल्या आठ-दहा मिनिटांत उरकतात. त्यापुढचा हीटर सीट, डॅशबोर्ड, पत्रा आणि पत्र्यातून बाहेरचं अंगण तापवतो. या गाडीतला हीटर साध्या रोधाचा आहे, एका युनिट विजेची एक युनिट उष्णता. सुरुवातीला तो चार किलोवॅटपर्यंत ओढतो, मग दीड-दोनवर येतो. दहा मिनिटांना सुमारे अर्धा-पाऊण युनिट, अर्ध्या तासाला सव्वा युनिट. सव्वा युनिट म्हणजे चार टक्के, म्हणजे आठ-नऊ किलोमीटर. पैशात मोजलं, युनिटाला आठ रुपये धरले, तर दहा रुपये. दहा रुपयांसाठी कोणी भांडू नये. पण डबऱ्याहून ग्वाल्हेरला येताना ते आठ किलोमीटर रुपयांत विकत मिळत नाहीत.

तरी वीस टक्क्यांच्या तुटीतले हे चारच. नानांचा "सगळी बॅटरी" हा आरोप इथे गळतो. बाकीचे सोळा रस्त्यावर गेले होते, आणि त्यातला मोठा वाटा पुन्हा हीटरचाच. दीड तासाच्या प्रवासात हीटर सरासरी सव्वा किलोवॅट धरला तर सकाळी पावणेदोन-दोन युनिटं, संध्याकाळी एखादं. मिळून नऊ-दहा टक्के. पेट्रोलच्या गाडीत हा खर्च दिसत नाही, कारण इंजिन इंधनातली निम्म्याहून जास्त शक्ती उष्णता म्हणून फेकूनच देतं आणि हीटर त्या फेकलेल्यातून चालतो. विजेची मोटर इतकी काटकसरी की तिच्याकडे फेकायला फारसं काही नसतं.

उरलेला सहा-सात टक्क्यांचा फरक किरकोळ गोष्टींचा. पाच अंशांची हवा पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा सात टक्के जड असते, आणि हायवेवर गाडीची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. टायरची हवा दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय उतरते. दिवाळीत भर दुपारी भरून घेतलेले टायर जानेवारीच्या पहाटे चार-पाच पीएसआयने कमी भरले. ते तर पाच मिनिटांचं काम होतं, आणि कोणी केलेलं नव्हतं.

धुक्याच्या दिवसांचा हिशेब मात्र मलाही वेगळाच निघाला. घरात सगळ्यांची खात्री होती की कोहऱ्याच्या सकाळीच बॅटरी सगळ्यात जास्त जाते. दोन-सव्वादोन तास लागतात, हीटर तेवढा वेळ चालतो, म्हणजे जाणारच. हीटर जास्त खातो हे खरं, सुमारे अडीच युनिटं. पण पस्तीस-चाळीसच्या वेगाने चालणारी गाडी स्वतः फार कमी खाते, किलोमीटरला ११० वॅट-तास धरले तर सव्वाआठ युनिटं. मिळून पावणेअकरा. उलट निरभ्र, कडकडीत थंड सकाळी, रस्ता मोकळा म्हणून ऐंशीच्या वर नेलेली गाडी किलोमीटरला दीडशे खाते, वर हीटर, मिळून तेरा. म्हणजे जास्त खाते ती स्वच्छ सकाळ. सुनेने पुढच्या आठवड्यात पडद्यावरचे टक्के लिहून ठेवले, ते याच बाजूने पडले. धुक्यात भीती असायला हवी ती रस्त्याची. बॅटरीची नको.

म्हणूनच तिला मी पहिली गोष्ट सांगितली ती बचतीची नव्हती. काचेवरचा हीटर कधीही बंद करायचा नाही. टक्के कमी पडले तर वेग साठावर आणायचा. डबऱ्यापासून घरापर्यंत वीस किलोमीटरने वेग उतरवला तर हीटरइतकी वीज तिथेच सुटते. आतली हवा आतच फिरवायचं बटणही धुक्यात दाबायचं नाही. त्याने ऊब टिकते, पण श्वासातला दमटपणाही टिकतो आणि काच पुन्हा आंधळी होते. बाहेरची हवा, झोत काचेवर, आणि जमत असेल तर सोबत एसी. थंडीत एसी म्हटल्यावर सूनबाई हसल्या. पण एसी हवेतलं पाणी काढून घेतो, आणि नुसत्या हीटरपेक्षा काच लवकर साफ करतो. पार दोन-तीन अंशांवर काही गाड्यांत कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, तेव्हा काचेवरचा गरम झोतच कामाला येतो.

वायरिंगचं काम दीड दिवसात झालं. मीटरपासून वेगळी चार चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, तिला स्वतःचा वीस अँपिअरचा एमसीबी, ए प्रकारचा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा खटका), पडवीत झाकणाचं औद्योगिक सॉकेट, आणि अंगणाच्या कोपऱ्यात नवीन अर्थिंग. ए प्रकार मुद्दाम, कारण चार्जरमधून गळणारा प्रवाह साध्या आरसीसीबीला नेहमी ओळखू येत नाही. गीझर त्याच्या जुन्या वायरीवर एकटा राहिला. मग नानांना रात्री अकरा वाजता सॉकेटला हात लावायला सांगितलं. गार होतं. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून प्लग लागलेला राहतो.

चार्जिंगची वेळही बदलली. गाडी घरी आल्या आल्या लावली तर ती रात्री अडीच-तीनला भरते आणि पहाटेपर्यंत भरलेली, गार होत उभी राहते. आता रात्री दहाला सुरू होऊन सहाच्या सुमारास संपेल असं लावलं आहे. चार्जिंगमध्ये बॅटरी थोडीशी कोमटते, ती ऊब निघताना कामी येते. फार नाही, पण फुकट आहे. ही जात शंभरापर्यंत भरायला हरकत नसते, उलट अधूनमधून भरावीच लागते. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात इतका सपाट असतो की पूर्ण भरल्याशिवाय गाडीलाच आपण किती भरलो आहोत ते नीट कळत नाही, आणि मग पडद्यावरचा आकडा थंडीत अचानक खाली घसरतो. पहाटेच्या घाईत अर्धवट भरून निघण्याच्या दिवसांत हे झालेलं असणं शक्य आहे.

आणि गाडी तापवणं? ते चालूच आहे. निघण्याच्या आधी दहा मिनिटं, एकवीस अंशांवर, प्लग लागलेला असताना. सॉकेट सव्वातीन किलोवॅटच देऊ शकतं, म्हणून पहिल्या दोन-तीन मिनिटांत हीटर जास्त मागतो तेव्हा थोडं बॅटरीतून जातं. पुढे तेही भरून निघतं. सगळ्या गाड्यांत असं होत नाही. काही गाड्या प्लग लावलेला असूनही आधी बॅटरीतूनच घेतात आणि चार-पाच टक्के उतरल्यावर पुन्हा चार्जिंग सुरू करतात. आपल्या गाडीचं काय आहे हे एका सकाळी पडद्याकडे बघून कळतं, त्यासाठी मला बोलवायची गरज नाही. उष्णता-पंप असलेल्या गाडीला हाच सगळा हिशेब निम्म्याच्या आसपास लागू होतो, कारण तो एका युनिटात दोन-तीन युनिटांची उष्णता ओढून आणतो. मे महिन्यात एसी हेच उलट करतो. म्हणून पंचेचाळीस अंशांच्या दुपारी गाडी आधी गार करणं वाटतं तेवढं महाग पडत नाही.

टायर भरले, सकाळचा वेग सत्तरच्या आत आला, शाल अंगावर आली. आता परतताना वीसच्या आसपास टक्के उरतात. दिवाळीचे तीस परत येणार नाहीत, आणि ते यावेत म्हणून सुनेने कुडकुडत जावं असं मला वाटत नाही. मुलगा शीतलहरीच्या दिवसांत अजूनही दोनदा बटण दाबतो. प्लगवर आहे, दाबू दे.

एक टोक राहिलंय, दतियाचं. गाडी तिथे सहा तास उन्हात नुसती उभी असते. एवढ्या वेळात साध्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवरून अठरा-एकोणीस युनिटं मिळाली तर वरचा सगळा हिशेबच करायला नको. सुनेने प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. तोवर पहारेकऱ्याच्या खोलीतून वायर ओढू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. त्या खोलीत थंडीभर विजेची शेगडी चालते.